पोहोचलो, पाणी सुरू

पगाराचं तीन दिवसांत मिटलं. रजांचं एका दुपारी मिटलं. बूट, कोट, औषधपाणी सगळं मिटलं. चौथ्या माणसाचं मात्र पाच आठवडे मिटेना.

बंबावर चार माणसं असतात. पुढे जाऊन आग कुठे आहे ते बघणारा लीडर, होजपाइपाच्या टोकाची नोझल धरून आत शिरणारा एक, त्याच्यामागे पाइप सांभाळणारा एक, आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर बंब चालवतो, जागेवर पोहोचला की पंपही तोच चालवतो. मी ड्रायव्हर. एकतीस वर्षं हेच केलं. शहराचं म्हणणं असं की यातला पाइप सांभाळणारा नुसता उभा असतो, तो काढून टाकायचा. हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. ज्यानं सांगितलं त्यानं घरात साधी नळी कधी जिन्यावरून वर ओढून बघितली नसावी. कोपऱ्याकोपऱ्याला ती अडकते, मुडपते, आणि एका ठिकाणी मुडपली की पुढे थेंब जात नाही. ती सोडवत राहणं हे चौथ्याचं काम. लांबून बघणाऱ्याला तो उभाच दिसतो.

गेल्या वर्षी त्यांनी आमच्यासह तीन स्टेशनांवर तीन माणसांचे बंब चालवून बघितले. त्याला प्रयोग म्हणाले. प्रयोग उंदरांवर करतात, पण निदान उंदरांना कुणी हजेरीपटावर सही करायला लावत नाही.

त्या प्रयोगात माझा जावई भाजला. तो आधी माझ्या बंबावरचा नोझलवाला होता, जावई नंतर झाला. त्यामुळे लग्नानंतरही मला काकाच म्हणायचा, सगळं स्टेशन म्हणतं तसं. भर दुपारचा कॉल होता. तिसऱ्या मजल्यावरचं घर पेटलेलं, आणि आत म्हातारी अडकलीय असं खालचे लोक ओरडत होते. लीडर मागच्या बाजूला शिडी लागते का बघायला पळाला. जावई कोरडा पाइप खांद्यावर घेऊन जिना चढला आणि दारापाशी पाण्याची वाट बघत बसला. पाणी वेळेवर आलं नाही. दार आतून जळून पडलं. दोन्ही हात, डावा गाल, आणि गळ्यात धूर. म्हातारी खाली गर्दीतच उभी होती, पिशवीत तिचं मांजर होतं.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं की बंब पोहोचल्यापासून वीस सेकंदांत पाणी सुरू झालं होतं, सबब पाणी नव्हतं हे कर्मचाऱ्याचं म्हणणं नोंदींशी जुळत नाही; त्यानं घाई केली, दुखापतीला तो स्वतः जबाबदार. मला चौकशीत एकच विचारलं होतं, पंप नीट चालला का. मी हो म्हटलं. पंप नीटच चालला होता.

बोलणी चालायची ती खोली मुख्य कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर होती. लांब टेबल, काचेखाली जुनी परिपत्रकं, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. पलीकडे उपायुक्त, त्यांच्या शेजारी शहरानं नेमलेल्या वकीलबाई, आणि कॉम्प्युटर उघडून बसलेला एक माणूस, ज्याला आम्ही आकडेवाला म्हणायचो. अलीकडे आमच्या युनियनचा सेक्रेटरी आणि मी. सेक्रेटरीला सगळे नगारा म्हणतात. त्याला हळू बोलता येत नाही, दवाखान्यातही नाही. मी तिथं का होतो, तर सगळ्यात जुना म्हणून. पाच आठवड्यांत मी मोजून चार वाक्यं बोललो असेन.

वकीलबाईंचं उलट. त्या इतक्या हळू बोलायच्या की नगाऱ्यालाही पुढे वाकून ऐकावं लागायचं, आणि वाकलेल्या माणसाला ओरडता येत नाही. पाचव्या आठवड्यात सोमवारी त्यांनी आकडेवाल्याला खूण केली. भिंतीवर तक्ता आला. दोन उभे खांब, एक बुटका, एक उंच.

त्यांनी समजावून सांगितलं की हे प्रयोगाच्या सहा महिन्यांचे आकडे आहेत. बंब पोहोचल्यापासून पाणी सुरू होईपर्यंत चार माणसांना सरासरी एक मिनिट पस्तीस सेकंद लागतात. तीन माणसांना बावीस सेकंद.

नगारा म्हणाला, हे शक्यच नाही, कुणीतरी खांब उलटे लावलेत. आकडेवाल्यानं मान हलवली. मग वकीलबाई म्हणाल्या ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"हे आमचे आकडे नाहीत. प्रत्येक वेळ तुमच्या ड्रायव्हरांनी स्वतःच्या तोंडानं वायरलेसवर सांगितलेली आहे. माणूस कमी झाला की काम चटपटीत होतं, हे तुमचेच लोक सांगतायत."

उपायुक्त गालातल्या गालात हसले. नगाऱ्यानं टेबलावर हात आपटला, पेले हलले. मला मात्र तो बुटका खांब कळला होता. तो आम्हीच बांधला होता.

कंट्रोल रूमला आमच्याकडून दोन निरोप लागतात. जागेवर पोहोचलं की 'पोहोचलो', आणि नोझलमधून पाणी निघालं की 'पाणी सुरू'. दोन्हींसमोर ते हातानं वेळ टाकतात, एकाची नोंद पुरी करून मग दुसऱ्याची, त्यातच वीसेक सेकंद जातात. चौघं असताना ड्रायव्हर पोहोचलो म्हणतो, उतरतो, पंप लावतो, बाकीचे पाइप जोडतात, चौथा मुडपे सोडवतो, वरून हाळी येते, ड्रायव्हर झडप उघडतो आणि केबिनमध्ये हात घालून पाणी सुरू म्हणतो. तिघं असताना तो चौथाही ड्रायव्हरच असतो. पंप चालू ठेवून त्याला पाइपामागे पळावं लागतं. मग माइकवर बोलायला परत येणार कोण? आणि निरोप गेला नाही की रकाना कोरा राहतो. रकाना कोरा राहिला की मेमो येतो.

म्हणून ब्रेक दाबता दाबताच आम्ही दोन्ही निरोप एका दमात देऊन मोकळे व्हायचो. पोहोचलो, पाणी सुरू. कुणी सुरू केलं ते सांगता येणार नाही. एकाचं ऐकून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्यानं. कुणाला ते खोटं वाटलं नाही. पाणी सुरू होणारच होतं ना. जितकी माणसं कमी, जितकी धावपळ जास्त, तितका निरोप लवकर. आणि शहरानं त्याचा खांब करून आमच्याच छातीवर रोवला.

चौकशीतल्या त्या वीस सेकंदांचं मला आधी माहीत होतं का? माहीत होतं असं म्हणवत नाही, आणि नव्हतं असंही म्हणवत नाही. अहवाल आला तेव्हा मी तो वाचून घडी घालून कपाटात ठेवला होता. परत काढला नाही.

मी दहा मिनिटं मागून घेतली आणि नगाऱ्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. सगळं सांगितलं.

मग तो चक्क दबक्या आवाजात बोलला. "काका, तीन स्टेशनं, चोवीस ड्रायव्हर. खोटी नोंद म्हणजे सरळ घरी. हे तुम्ही आत बोललात तर चौथा माणूस राहिला बाजूला, आणखी चोवीस माणसं काढायला त्यांना कारण मिळेल."

मी म्हटलं, मग काय करू, बावीस सेकंद कबूल करू?

तो म्हणाला की आत्ता तीनवर तडजोड करू, पुढच्या करारात बघू. पुढचा करार पाच वर्षांनी होता. मी त्याला विचारलं, पाच वर्षांत किती जिने होतात ते सांग. त्यावर त्यानं मला शिवी दिली. मीही दिली. शिपाई ट्रे घेऊन चालला होता, तो भिंतीला चिकटून उभा राहिला.

"तुमच्या जावयाचं काय?" नगारा म्हणाला. "त्याला काय सांगणार? की मीच तुला…"

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. आत गेलो, खुर्चीत बसलोही नाही, आणि बोलून टाकलं. माझं नाव घेऊन बोललो. बाकी कोण असं करतं हे विचारू नका, सांगणार नाही, असंही बोललो.

उपायुक्तांचा चेहरा लाल झाला. वकीलबाईंचा काही झाला नाही. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि विचारलं, "म्हणजे सहा महिने तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"मग आज खरं बोलताय, हे आम्ही कशावरून मानायचं?"

खरं सांगायचं तर प्रश्न चोख होता. मला राग आला तो बाईंचा नाही, प्रश्न चोख असल्याचा आला. एकतीस वर्षं ज्या कानांनी पंप चालवला त्यांनीच मग उत्तर दिलं. मी म्हटलं, कंट्रोल रूममध्ये प्रत्येक बोलणं टेप होतं. ते लावा. कुठलंही लावा, तुमच्या मर्जीचं. मी काय बोलतो ते ऐकू नका, माझ्यामागे काय वाजतंय ते ऐका.

दुसऱ्या दिवशी आकडेवाल्यानं रेकॉर्डिंगं आणली आणि टेबलावर छोटासा स्पीकर ठेवला. पहिलं चार माणसांचं लावलं. 'पोहोचलो.' मग खरखर, आणि दीड मिनिटानं 'पाणी सुरू', आणि मागे पंपाची एकसारखी घरघर, तिच्यावर कुणाचा तरी ओरडा. दुसरं तीन माणसांचं. 'पोहोचलो, पाणी सुरू.' मी थांबवायला सांगितलं. परत लावायला सांगितलं.

"हे मागे काय आहे?" मी विचारलं.

आकडेवाला म्हणाला, "सायरन."

मी त्यांना सांगितलं की आमचे सायरन जुने, आत चाक फिरतं. बटण बंद केलं तरी चाक लगेच थांबत नाही, आवाज उतरत उतरत पंधरा-वीस सेकंदांनी मरतो. इथं तो अजून उतरतोय. म्हणजे बंब थांबलाय न थांबलाय. पंपाचा आवाज तर कुठेच नाही. पंप लागला नाही, पाइप उतरला नाही, ड्रायव्हरचं ढुंगण अजून सीटवर आहे, आणि पाणी सुरू. कुठल्या नळाचं?

आकडेवाल्याला हसू आलं, त्यानं ते गिळलं. त्यानं तिसरं लावलं, पाचवं लावलं, अकरावं लावलं. मग तो आपणहून म्हणू लागला, "इथंही सायरन आहे. इथंही." माणूस वाईट नव्हता. सहा महिन्यांचे आकडे त्यानं मोजले होते, एकदाही ऐकले नव्हते.

वकीलबाईंनी वही चाळली. मग त्यांनी एक तारीख सांगितली. ती तारीख मला माहीत होती.

उपायुक्त म्हणाले की त्याची गरज नाही, ते प्रकरण बंद झालंय. बाई म्हणाल्या, ऐकून तर घेऊ. त्यांना मी खोटा ठरायला हवा होतो की खरा, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझा आवाज आला. 'पोहोचलो, पाणी सुरू.' मागे सायरन उतरत होता. माझाच आवाज, इतका निवांत की मला तो थोबाडावासा वाटला. आकडेवाला थांबवायला गेला. मी म्हटलं, राहू दे, चालू राहू दे.

मिनिटभर खरखर. दुसऱ्या कुठल्या बंबाचं बोलणं. मग बारीक आवाज, छातीवरच्या वॉकीटॉकीतून येतो तसा.

"काका, पाणी."

कंट्रोलनं उत्तर दिलं नव्हतं. त्यांच्याकडे पाणी सुरू अशी नोंद झालेली होती, मग उत्तर कशाला देतील. मी त्या वेळी पहिल्या मजल्याच्या वळणावर गुडघ्यांवर बसून पाइपाचा मुडपा सोडवत होतो. माझ्या केबिनमधल्या वायरलेसवर तो मला हाका मारत होता, आणि केबिन रिकामी होती. आणखी चाळीस सेकंदांनी परत. "काका, पाणी." या वेळी आवाज बसलेला होता. त्यानंतर काही नाही. पाणी खरंच सुटल्यावर जड झालेली पंपाची घरघर लीडरच्या निरोपामागे ऐकू आली तेव्हा आकडेवाल्यानं घड्याळ बघितलं. न विचारता सांगितलं, "तीन मिनिटं चाळीस."

मी उपायुक्तांना विचारलं, चौकशी करणाऱ्यांकडे ही टेप होती का. त्यांनी सांगितलं की होती, नोंदवही पुरेशी वाटल्यामुळे ऐकण्याची आवश्यकता भासली नाही. आवश्यकता भासली नाही. जावई आठ महिने घसा फाटेपर्यंत सांगत होता की मी पाणी मागितलं. तो घसाही आता फाटण्याजोगा राहिला नाही. त्याला सगळ्यांनी सांगितलं, तसं कुठे नोंदलेलं नाही. मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. नगाऱ्यानं मला मागून धरलं होतं एवढं आठवतं.

बुधवारी सकाळी त्यांनी नवा मसुदा पुढे ठेवला. चौथा माणूस मान्य. नुसता मान्य नाही, चारपेक्षा कमी माणसं असतील तर बंब दारातून निघणार नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. नगाऱ्याचे डोळे चमकले. मी शेवटचं पान उलटलं. तिथं एक कलम होतं. बोलण्यांमध्ये ऐकलेली रेकॉर्डिंगं गोपनीय राहतील. जुन्या नोंदींवरून कुठल्याही ड्रायव्हरवर कारवाई होणार नाही. आणि त्या नोंदींवर आधारलेली कुठलीही झालेली चौकशी पुन्हा उघडली जाणार नाही.

उपायुक्त म्हणाले की यात दोन्ही बाजूंचं भलं आहे. तुमचे चोवीस ड्रायव्हर वाचले, आमचीही अब्रू राहिली.

"आणि माझा जावई?" मी विचारलं.

"एका माणसासाठी सगळा करार अडवणार का तुम्ही?"

हे तोच माणूस बोलत होता, जो पाच आठवडे एका माणसासाठी करार अडवून बसला होता. मी ते त्यांना सांगितलं. वकीलबाई कागदांकडे बघत राहिल्या. कलम काढायला ते तयार नव्हते. शब्दसुद्धा हलवायला नाही. संध्याकाळी पाचला मसुदा मागे घेऊ म्हणाले. मी दोन तास मागितले.

लेकीचं घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर. दार तिनं उघडलं. तो खिडकीशी बसून शर्टाची बटणं लावायचा सराव करत होता. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज वीस वेळा. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पोहोचलो, पाणी सुरू, सायरन, टेप, कलम.

त्याचा आवाज आता नुसती कुजबुज असतो. तो म्हणाला, "माझा आवाज आला टेपवर?"

"आला. दोनदा."

"तीनदा मारली हाक," तो म्हणाला. तिसरी बहुधा वॉकीटॉकीपर्यंत पोहोचलीच नाही.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, हा झोपेत पाणी मागतो. मी उठून पेला देते, तर म्हणतो, हे नाही. आठ महिने मला वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तुम्ही दर रविवारी इथं येऊन बसत होतात. या खुर्चीत."

मी त्या खुर्चीपासून बाजूला झालो.

ती म्हणाली, सही करायची नाही. आधी त्याच्या नावावरचा डाग पुसायचा, मग कुणाला चौथा, पाचवा काय हवा तो माणूस द्या. तिचं चूक होतं असं मला वाटत नव्हतं. तिनं मला घराबाहेर काढलं असतं तरी वाटलं नसतं.

जावयानं हात वर केला, तो धड उघडतही नाही. त्यानं मला विचारलं की मसुद्यात 'शक्यतो' वगैरे कुठे घातलंय का. मी म्हटलं, नाही, चारपेक्षा कमी तर बंब निघणार नाही, एवढंच. माझ्या नोझलवर आता कोण असतं, त्यानं विचारलं. मी म्हटलं, बुटका. बुटका म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात उंच माणूस.

"बुटका घाई करतो," तो म्हणाला. "तो माझ्यासारखा दारात थांबायचा नाही, आत घुसेल. सही करा."

लेक त्याला म्हणाली, "आणि तू?"

"मी काय? मी भाजून झालोय." मग माझ्याकडे वळला. "पण माझ्या सांगण्यावरून सही केली, असं कुणाला सांगायचं नाही. मी माफ केलं असंही नाही. आणि काका, रविवारी येऊ नका. मी बोलावीन तेव्हा या. नाही बोलावलं तर नका येऊ."

मी निघालो. जिन्यात लेकीनं दार लावल्याचा आवाज आला, आपटल्याचा नाही, लावल्याचा.

चारला पाच कमी असताना मी सही केली. नगाऱ्यानं केली, उपायुक्तांनी केली. कुणीतरी फोटोसाठी जवळ या म्हणालं, मी गेलो नाही. वकीलबाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या की तुमच्या जावयाला टेप ऐकायची असेल तर खासगीत काही व्यवस्था करता येईल.

"त्याला कशाला? तो तिथंच होता," मी म्हटलं. "तुम्ही ऐका. परत परत ऐका."

करार पुढच्या पहिल्या तारखेपासून लागू होणार होता. मध्ये एकोणीस दिवस. ते एकोणीस दिवस जुनंच चालेल, असं उपायुक्तांच्या कार्यालयानं त्याच संध्याकाळी कळवलं. प्रयोग कधीच संपला होता, पण चौथा माणूस परत आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला बंबावर आम्ही तिघंच होतो. लीडर, बुटका आणि मी.

साडेदहाला कॉल आला. लाकडाच्या वखारीमागचं दुमजली गोदाम. मी बंब लावला, माइक उचलला आणि म्हटलं, "पोहोचलो." माइक जागेवर ठेवला आणि उतरलो. बुटक्याला सांगितलं, पाणी हातात येईपर्यंत उंबरा ओलांडलास तर तंगडी मोडीन. मग पंप लावला, पाइप जोडले, गोदामाच्या पायऱ्यांवर पळत गेलो, एक मुडपा सोडवला, दुसरा सोडवला. मागे केबिनमध्ये कंट्रोल ओरडत होतं. पाणी सुरू झालं का, पाणी सुरू झालं का, उत्तर द्या. मी उत्तर दिलं नाही. परत आलो, झडप उघडली, पाइप फुगत फुगत पायऱ्या चढताना बघितला, वरून बुटक्याची हाळी ऐकली. तेव्हा कुठे माइक उचलला.

तीन मिनिटं पाच सेकंद. सगळ्या शहरात त्या महिन्यातली सगळ्यात वाईट वेळ. अर्धं गोदाम गेलं, माणूस एकही गेला नाही.

शुक्रवारी मेमो आला. जागेवर पोहोचल्यानंतर पाणी सुरू करण्यास अक्षम्य विलंब का झाला, याचा लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा. खुलाशासाठी खाली अर्धं पान कोरं सोडलेलं होतं.

मी लिहिलं, माणसं तीन होती. खाली सही केली, आणि उरलेलं पान तसंच कोरं पाठवलं.